आईचं वजन आणि लेकराचा दमा

[दृश्य: रात्रीचा दवाखाना. मांडीवर चार वर्षांचं पोर, तोंडाला वाफेचा मास्क.]

छातीतून शिट्टीसारखा आवाज येतोय. प्रत्येक श्वासाला फासळ्यांमधली कातडी आत ओढली जातेय. डॉक्टरांचे प्रश्न ठरलेले असतात. घरात कुणाला दमा आहे का? कुणी सिगारेट ओढतं का? धूळ, कबुतरं, चुलीचा धूर? संशोधकांनी त्यात आता आणखी एका प्रश्नाची भर घातली आहे. दिवस राहिले तेव्हा आईचं वजन किती होतं?

[दृश्य: डेन्मार्क. टेलिफोन, नोंदवही.]

1996 ते 2002 या काळात डेन्मार्कमध्ये एक लाखाच्या आसपास गरोदरपणांची नोंद झाली. बायकांना घरी फोन जायचे. उंची किती, वजन किती, सिगारेट ओढता का? मग मूल सहा महिन्यांचं झाल्यावर फोन, दीड वर्षाचं झाल्यावर पुन्हा. सातव्या वर्षी प्रश्नावली. यातल्या 38 हजारांहून जास्त मायलेकरांचा हिशेब 2013 मध्ये छापून आला. आई जितकी स्थूल, तितकी मुलाला दमा होण्याची शक्यता जास्त.

पण खरी गंमत पुढे आहे. याच मुलांमध्ये इसब आणि शिंका-नाक गळण्याची ॲलर्जी मात्र आईच्या वजनाबरोबर वाढलेली दिसली नाही. दमा आणि ॲलर्जी ही सख्खी भावंडं, असं आपण धरून चालतो. इथे एकाला झळ लागली, दुसरं सुटलं. म्हणजे हा दमा बहुधा ॲलर्जीच्या वाटेने येत नसावा.

[दृश्य: सोनोग्राफीचा पडदा.]

मग कुठून येतो? गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमाराला फुप्फुसाचा कोंब फुटतो. सतराव्या आठवड्यापर्यंत श्वासनलिकांच्या मुख्य फांद्या तयार झालेल्या असतात. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीला आपण बाळाचे हातपाय मोजतो, तोवर हे काम उरकलेलं असतं. चरबी नुसती साठून राहत नाही. ती लेप्टिनसारखी संप्रेरकं आणि दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडते. त्यांचा परिणाम कोवळ्या श्वासनलिकांवर होत असावा, असा कयास आहे. सिद्ध झालेलं नाही. आईचं आणि मुलाचं ताट एकच असतं, घरची हवा एकच, आणि मूल स्वतःही जाड असू शकतं. हे सगळं वेगळं काढणं अवघड आहे.

आता आकडा. 2014 मध्ये 14 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा स्थूल आयांच्या मुलांमध्ये दमा किंवा घरघर होण्याची शक्यता सुमारे 30 टक्के जास्त निघाली. ऐकायला मोठं वाटतं. पण शंभरातल्या दहा मुलांना दमा होत असेल, तर दहाचे बारा-तेरा होतात, एवढंच. बाकीच्या सत्त्याऐंशी जणांना काही होत नाही. ‘तुझ्या वजनामुळेच पोराला धाप लागते’ असं सुनेला सुनावणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

[दृश्य: अंगणवाडी. वजनकाट्यावर गरोदर बाई.]

हे सगळे आकडे बहुतेक युरोप-अमेरिकेतले. आपल्याकडे मोजमापच वेगळं आहे: बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) 25 ला तिकडे जादा वजन म्हणतात, आपल्या तज्ज्ञांच्या मते तो स्थूलपणाच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 1993 पासून आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची, लहानखुरी, पण अंगात चरबी त्या मानाने भरपूर. शिवाय 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 24 टक्के बायका जाड निघाल्या, आणि जवळपास 19 टक्के कृश. दोघी एकाच रांगेत उभ्या असतात, आणि दोघींना सल्ला मिळतो तोच: दोन जिवांची आहेस, दोघांचं खा.

कृश बाईचं वजन नऊ महिन्यांत साडेबारा ते अठरा किलो वाढलं तर चांगलं. स्थूल बाईला पाच ते नऊ किलो पुरतात. हे अमेरिकी मार्गदर्शन आहे, आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. आणि पोटात बाळ असताना उपाशी राहून वजन उतरवायला जाऊ नये. ती खटपट दिवस राहण्याआधीची.