पैसे नेमके आहेत कुठे?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘प्रीपेड कार्डं आणि ई-वॉलेट : वाढ आणि भवितव्य’. भवितव्य शेवटी घेऊ, वेळ उरला तर. आधी एक प्रश्न. तुम्ही कार्डात किंवा ॲपमध्ये आगाऊ भरलेले पैसे या घडीला नेमके कुठे आहेत? सांगा बघू. मोबाइलमध्ये? सगळेच म्हणतायत ‘मोबाइलमध्ये’. मोबाइलमध्ये आकडा दिसतो, एवढंच. पैसे दुसरीकडेच असतात, आणि कुठे ते प्रत्येक साधनात वेगळं असतं. माझं आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

आगाऊ भरणं आपल्याला नवं नाही. मेसची कुपनं आपण पिढ्यानपिढ्या वापरली. मुंबईकरांनी लोकलची कुपनं स्टेशनवरच्या मशीनमध्ये खटाखट छापून घेतली, आणि गड्डीतली शेवटची दोन-तीन कित्येकांच्या पाकिटात मुदत संपेपर्यंत पडून राहिली. ती पडून राहिलेली कुपनं लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचंय.

आता मेट्रोचं कार्ड. इथे बऱ्याच जणांच्या खिशात असेल. एनसीएमसी, म्हणजे २०१९ च्या मार्चमध्ये सुरू झालेलं देशभर चालावं असं ठरलेलं प्रवासी कार्ड. यात पैसे खरोखर कार्डात असतात, चिपवर लिहिलेले. कारण सोपं आहे. सकाळी नऊला गेटसमोर रांग असते. प्रत्येक माणसामागे गेट बँकेला विचारत बसलं तर रांग जिन्यापर्यंत जाईल. म्हणून गेट कुणालाच विचारत नाही. चिपवरची रक्कम वाचतं, भाडं वजा करतं, उरलेला आकडा परत चिपवर लिहितं. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत. बँकेशी हिशेब मागाहून.

इथवर उत्तम. माझी तक्रार पुढे आहे, आणि ती जरा लांबणार आहे. तुम्ही घरी बसून ॲपवरून ५०० रुपये भरता. मेसेज येतो, ‘टॉप-अप यशस्वी’. स्टेशनवर जाऊन कार्ड टेकवता, गेट लाल. मागचा माणूस ‘अहो काका, चला की’ म्हणतो. झालंय काय, तर तुमचे ५०० रुपये बँकेच्या संगणकात आलेत, चिपवर चढलेलेच नाहीत. चढणार कसे? कार्ड तेव्हा तुमच्या खिशात होतं आणि खिशाला इंटरनेट नाही! एका कार्डाला दोन शिलका असतात हे कार्ड देताना काउंटरवर क्वचितच कुणी सांगतं. एक बँकेकडची, एक चिपवरची. पहिलीतून दुसरीत पैसे आणायला स्टेशनवरच्या मशीनवर किंवा काउंटरवर जाऊन ‘बॅलन्स अपडेट’ करावं लागतं.

ते करताना कार्ड वाचकावर, म्हणजे ते वाचणाऱ्या यंत्रावर, टेकवायचं आणि मशीन ‘झालं’ म्हणेपर्यंत हलवायचं नाही. आपल्याला गेटची सवय, टेकवलं की उचललं. इथे उचललंत तर चिपवरचं लिखाण अर्धवट राहू शकतं, मग काउंटरवाल्याकडे फेरी. रोख दिलेत तर काउंटरवाला तिथल्या तिथे चिपवर रक्कम चढवतो, तेव्हा हा घोळ होत नाही. आता माझं मागणं एवढंच, की मेसेजमध्ये आठ शब्द वाढवा : ‘रक्कम जमा झाली, कार्डावर चढवायची अजून बाकी आहे.’ आठच! अर्धी भांडणं तिथेच मिटतील. पण आपल्याकडे मेसेज लिहिणारा मेट्रोनं जात नसावा.

ओघात आणखी दोन गोष्टी सांगतो. पाकिटात हे कार्ड आणि बँकेचं टॅप करायचं कार्ड एकत्र ठेवून अख्खं पाकीट गेटवर टेकवू नका. वाचकाला दोन्ही दिसतात, मग गेट अडतं किंवा भलत्याच कार्डावर प्रवास सुरू होतो. आणि गर्दीत गेट उघडंच आहे म्हणून कार्ड न टेकवता बाहेर पडू नका. कार्डाच्या लेखी तुम्ही अजून आतच असता. दुसऱ्या दिवशी ते तुम्हाला आत घेत नाही, कारण आत असलेल्याला परत आत कसं घेणार? तर्क बिनतोड आहे, चिडून उपयोग नाही.

कार्ड हरवलं तर? कळवल्यावर बँकेकडची शिलक अडवता येते. चिपवरची गेली, कारण ती खर्च करायला पिन लागत नाही. नोट हरवल्यासारखंच. तेव्हा चिपवर आठवड्याच्या प्रवासापुरतंच ठेवा.

याच्या बरोबर उलट फास्टॅग. काचेवरच्या त्या स्टिकरमध्ये एक रुपयाही नसतो, फक्त ओळख क्रमांक असतो. शिलक टॅग देणाऱ्या बँकेकडे. नाक्यावरचा वाचक क्रमांक वाचतो, नाक्याकडे चालू आणि बंद टॅगची यादी असते, वसुली मागाहून पोचते. म्हणून एक्सप्रेस वेवरचा उर्से टोलनाका दिसायला लागल्यावर रिचार्ज करणाऱ्या शूरांनो, तुमचे पैसे बँकेत पोचतात, पण यादी ताजी व्हायला वेळ लागू शकतो. टॅग काळ्या यादीतच राहिला तर दंडाची वसुली होते. घरून निघताना रिचार्ज करा. आणि टॅग हातात धरून दाखवायची वस्तू नाही, काचेला चिकटवायची आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. सात मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता सात मिनिटांत.

वॉलेटची वाढ का झाली? २००९ पासून इंटरनेटवर कार्ड वापरताना दुसरी पडताळणी सक्तीची झाली. सुरक्षेला चांगली, पण कच्च्या नेटवर्कवर ओटीपी येईस्तोवर व्यवहार कोसळायचा. वॉलेटनं तोडगा काढला : ओटीपीची कटकट भरणा करताना एकदाच, मग खर्च एका बोटावर. २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परदेशातून पैसे कापून ही पडताळणी टाळायची पळवाट बंद केल्यावर उबरनं नोव्हेंबरात पेटीएम वॉलेट घेतलं ते याचसाठी. पुढे ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र, ती मी सांगायला नको. पण त्याच वर्षी यूपीआयही आलं, आणि पैसे खात्यातून थेट जायला लागल्यावर वॉलेटमध्ये आधी भरायचं कशाला, हा प्रश्न उभा राहिला.

तरी वॉलेट टिकलं. एक, छोट्या खर्चांनी पासबुक भरू नये म्हणून. २०२२ चं यूपीआय लाइट, म्हणजे छोट्या खर्चासाठी ॲपमध्ये आधी थोडे पैसे भरून ठेवणं, हा त्याचाच अवतार. दोन, केवायसीच्या, म्हणजे ओळख पडताळणीच्या पायऱ्या. मोबाइल क्रमांक आणि स्वतः दिलेल्या किमान माहितीवर उघडलेल्या छोट्या वॉलेटमध्ये एका वेळी १०,००० पर्यंत, पूर्ण केवायसीच्या वॉलेटमध्ये २ लाखांपर्यंत. तीन, कंपनीची कमाई. बँक खात्यातून यूपीआयनं दुकानदाराला दिलं तर जानेवारी २०२० पासून शुल्क शून्य. पण वॉलेटमधून २,००० च्या वर दिलं तर एप्रिल २०२३ पासून १.१ टक्क्यापर्यंत इंटरचेंज, म्हणजे वॉलेट कंपनीला मिळणारं शुल्क. तुमच्याकडून नाही, दुकानदाराच्या बाजूनं. ॲप तुम्हाला ‘वॉलेट भरा’ म्हणून का मागे लागतं, ते समजलं?

आता मूळ प्रश्न. बँक नसलेल्या कंपनीच्या वॉलेटमधले पैसे तिनं एका बँकेत एस्क्रो खात्यात, म्हणजे ग्राहकांच्या पैशांसाठी राखलेल्या वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात, स्वतःच्या धंद्यात वापरायचे नसतात. तुम्हाला व्याज मिळत नाही. बँक ठेवींचं ५ लाखांचं विमासंरक्षणही त्याला नाही. दुकानानं स्वतःच्याच मालासाठी काढलेलं गिफ्ट कार्ड तर रिझर्व्ह बँकेच्या परवानगीच्या चौकटीतच येत नाही. दुकान बंद, कार्ड शोभेचं.

आणि ती पडून राहिलेली कुपनं. वॉलेटची वैधता किमान एक वर्ष. संपण्याआधीच्या ४५ दिवसांत कंपनीनं सूचना द्यायची असते, आणि मुदत संपली तरी उरलेली रक्कम परत मागता येते. मुदतीनंतर किमान तीन वर्षं बिगरबँक कंपनीला ती स्वतःच्या नफ्यात दाखवता येत नाही. पुण्यात परतावा मागायला लाजणारं कुणी नसावं, तरी विसरणारे आहेत. कंपनीकडे लेखी मागा, तक्रार क्रमांक घ्या, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, फी नाही. फसवणूक असेल तर थांबू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि कंपनीलाही कळवा. तीन दिवसांत कळवलंत आणि चूक तुमची नसेल तर जबाबदारी तुमच्यावर येत नाही.

भवितव्य राहिलंच. प्रश्न घेतो. गिफ्ट कार्ड घेऊन आलेल्यांनी पुढे या, फक्त मागचा क्रमांक झाकून ठेवा. हॉल भरलेला आहे.