पेट आणि एमआरआय एकाच कणात: पकड सुटली तर काय दिसतं?

नमस्कार मंडळी. एकच नॅनोकण पेट स्कॅनमध्येही (जो शरीरात टोचलेल्या पदार्थाचा किरणोत्सार टिपतो) दिसतो आणि एमआरआयमध्येही. तो फसवतो कुठे, ते आज बघूया.

गाभा लोखंडाच्या ऑक्साइडचा. त्यावर डेक्स्ट्रानचं आवरण, आवरणाला जोडलेला नोटा हा चिलेटर, म्हणजे धातूचा अणू धरून ठेवणारा रेणू, आणि त्याच्या पकडीत किरणोत्सारी कॉपर-६४. एमआरआयवर लोखंड काळा डाग पाडतं. पण हवा आणि जुना रक्तस्रावही काळाच दिसतो, म्हणून पेटची साक्ष लागते.

कॉपरच का? धरा, किरणोत्सारी माल बेळगावहून चोर्ला घाट उतरून पणजीत पोचायला ३ तास ४० मिनिटं गेली. पेटसाठीच वापरतात त्या फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ११० मिनिटं; म्हणजे पाव हिस्सा उरला. कॉपर-६४ चं १२.७ तास, ते ८२ टक्के शिल्लक. गॅलियम-६८ तर ६८ मिनिटांत निम्मं होतं, त्याचा जनरेटर, म्हणजे ते ताजं काढून देणारं उपकरण, जागेवरच हवा.

मात्रेचं गणितही जुळत नाही. पेटला किंचितसं कॉपर पुरतं, एमआरआयला लोखंड कितीतरी पट जास्त लागतं. म्हणून थोडे लेबल केलेले, म्हणजे कॉपर जोडलेले, कण त्याच आकाराच्या, त्याच आवरणाच्या साध्या कणांत मिसळतात.

आता खरी गोम. पेटला कॉपर दिसतं, लोखंड नाही. पकड सुटली तर चिठ्ठी म्हापशात आणि बॅग मडगावात! त्यातून सुटलेलं कॉपर यकृतात जातं, आणि नॅनोकणही यकृतातच अडकतात. गळती दिसतच नाही. झिरकोनियम-८९ हा दुसरा किरणोत्सारी धातू सुटला तर निदान हाडं उजळतात, चोरी पकडली जाते.

म्हणून उंदरावर चाचणी करण्याआधी सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव. लेबल केलेले कण ३७ अंशांवर सीरममध्ये ठेवा. १, ४ आणि २४ तासांनी थेंबभर काढून पातळ थराच्या पट्टीवर लावा, ईडीटीए या धातू पकडणाऱ्या रसायनाचं द्रावण चढू द्या. मोकळं कॉपर ईडीटीएबरोबर वर जातं, कण खालीच बसतात.

गॅलियमला मात्र ही पट्टी डोळे झाकून लावू नका. पीएच ७ च्या आसपास ते हायड्रॉक्साइडचा कोलॉइड, म्हणजे बारीक तरंगते कण, होऊन तळाशीच राहतं, आणि तळाचं सगळं कणांचंच समजून शुद्धता ९८ टक्के आली म्हणून आपण खूश! नॅनोकण न घालता, फक्त गॅलियम आणि बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घेऊन तीच पट्टी चालवा. तिथेही तळाशी किरणोत्साराची मोजणी आली, तर तो आकडा नॅनोकणांचा नाही.