फिल्म बघण्याआधी डोळे

नमस्कार श्रोतेहो.

बारावीचा निकाल लागला की नागपुरात मेडिकल चौकापासून धंतोलीपर्यंत प्रवेशाची धावपळ सुरू होते. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीहून आलेली मुलं-मुली रेडिओग्राफीचे, म्हणजे एक्स-रे, सीटी काढायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाचे, अर्ज भरतात. मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला, सगळ्यांच्या झेरॉक्स तयार असतात. या मुलांना मी शिकवते. पहिल्याच आठवड्यात वर्गात विचारते, गेल्या वर्षभरात डोळे कुणी तपासून घेतले? बहुतेक हात खालीच राहतात.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती. अभ्यासात हुशार, रुग्णांशी बोलायला गोड. पण सीटीच्या आधी शिरेत सुई लावायची वेळ आली की तिचा अंदाज चुकायचा. सुई कधी अलीकडेच थांबायची, कधी पलीकडे जायची. मी तिला सगळ्यांसमोर निष्काळजी म्हटलं. पुढे एकदा वर्गात नजरेचा तक्ता लावला होता, तेव्हा तिला उजवा डोळा झाकायला सांगितलं, तर सगळ्यात वरचं मोठं अक्षर सोडून तिला काहीच वाचता येईना. डावा डोळा लहानपणापासून आळशी होता, म्हणजे त्याची नजर नीट तयारच झाली नव्हती. घरात कुणाला कळलं नाही, शाळेत कळलं नाही, तिलाही नाही. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सगळं सांभाळून घेतो. एखादी गोष्ट किती खोल, किती लांब आहे याचा नेमका अंदाज मात्र दोन्ही डोळ्यांनी मिळून येतो. माझं ते बोलणं मला आजही टोचतं.

म्हणून आज हा विषय: रेडिओग्राफीला जाण्याआधी डोळ्यांची तपासणी.

आपल्या ओळखीचा तो अक्षरांचा तक्ता स्नेलन या डच डॉक्टरांनी १८६२ मध्ये तयार केला. सहा मीटरवरून जी ओळ वाचता यायला हवी ती वाचता आली, की नजर ६/६. पण तो तक्ता पांढऱ्यावर काळा असतो, आणि आमचं काम असतं करड्यावर करडं. हाडातली केसाएवढी चीर, फुप्फुसाच्या कडेची पुसट रेघ यांना काळी शाई कुठली! यासाठी वेगळा तक्ता मिळतो. त्यात सगळी अक्षरं एकाच आकाराची असतात, फक्त खाली येता येता फिकट होत जातात. ६/६ असलेली मुलंसुद्धा तिथे कधी कधी अडखळतात. रेडिओग्राफीच्या प्रवेशाला ही तपासणी सक्तीची असावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुणी म्हणेल, निदान तर डॉक्टर करतात, टेक्निशियनच्या नजरेचं एवढं काय? पण फिल्म सर्वात आधी टेक्निशियनच बघतो. रुग्ण हलला का, छाती वाकडी आली का, हे त्याला तिथल्या तिथे ओळखावं लागतं. ते निसटलं तर धूसर फिल्म पुढे जाते. चांगली फिल्म खराब वाटली तर एक्स-रे पुन्हा काढला जातो, आणि तो जादा किरणोत्सार रुग्णाच्या अंगावर पडतो.

रंगांचंही तसंच. इशिहारांचे ठिपक्यांचे तक्ते १९१७ पासून वापरात आहेत, तपासायला पाच मिनिटं पुरतात. लाल-हिरव्यातला गोंधळ मुख्यतः मुलग्यांमध्ये आढळतो, कारण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. कॉन्ट्रास्टचं, म्हणजे फिल्मवर रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायच्या औषधाचं, इंजेक्शन दिल्यावर रुग्णाच्या अंगावर लाल पुरळ उठतंय का, हे टेबलाशेजारी उभा असलेला माणूसच आधी बघतो. सावळ्या त्वचेवरची ती लाली अशा डोळ्यांना सहज चुकवते. पण एवढ्यावरून त्या मुलाची वाट अडवू नका. त्याला आपली अडचण माहीत असली, की तो रुग्णाला विचारतो, खाज येते का, घसा आवळल्यासारखा वाटतो का, आणि दुसऱ्या सहकाऱ्याला बोलावतो.

आणखी एक कारण आहे. किरणोत्सारानं डोळ्याचं भिंग धूसर होऊ शकतं. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगानं २०११ मध्ये भिंगासाठीची वार्षिक मर्यादा १५० मिलिसीव्हर्टवरून (हे किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) पाच वर्षांच्या सरासरीनं २० वर आणण्याची शिफारस केली. पुढे कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रे चालू ठेवून हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासतात त्या खोलीत, उभं राहायचं असेल, तर आज भिंग कसं आहे याची नोंद हातात हवी. ती नसेल तर दहा वर्षांनी तुलना कशाशी करणार?

मुलं चष्मा लपवतात, हे मी बघते. नंबर निघाला तर प्रवेश जाईल, अशी भीती असते. पालकहो, चष्म्यानं सुधारणारी नजर ही अडचण नाही. घरी एवढं करा. सीताबर्डी मेट्रो स्टेशनवर उभे असाल तेव्हा मुलाला एक डोळा झाकून लांबची पाटी वाचायला सांगा, मग दुसरा झाकून. फरक जाणवला तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या नेत्रविभागात घेऊन जा. बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि आपल्याकडचं ऊन सोसवत नाही. त्या दिवशी मुलाला गाडी चालवू देऊ नका, आणि येताना चष्म्याच्या नंबराचा कागद प्रवेशाच्या फाइलमध्ये लावून ठेवा.

नमस्कार.