डाव्या दरवाजावरचा ओरखडा

पुण्यातल्या एका सोसायटीचं पार्किंग. पांढऱ्या गाडीच्या डाव्या दरवाजावर लांब ओरखडा आहे, त्याखाली आणखी एक, जुना. गेटच्या खांबालाही तोच पांढरा रंग लागलाय.

ही माझ्या बाबांची गाडी. बाबा ७३ वर्षांचे. चाळीस वर्षं गाडी चालवतायत, मोठा अपघात एकही नाही. "गेट अरुंद आहे," ते म्हणतात. गेट पहिल्यापासून तेवढंच आहे. बाबांची मान मात्र आता पूर्वीइतकी वळत नाही, आणि हे त्यांच्या लक्षातच आलेलं नाही.

येणारच कसं? सगळं इतकं हळूहळू होतं. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं, अंधारात डोळ्यात उजेडच कमी शिरतो. समोरच्या गाडीने अप्पर, म्हणजे दिव्यांचा प्रखर झोत, मारला की नजर जागेवर यायला वेळ लागतो. मोतीबिंदू असेल तर दिव्यांभोवती वलयं दिसतात. काचबिंदूची मला जास्त भीती वाटते. तो कडेची नजर खात जातो आणि समोरचं स्वच्छ दिसत राहतं. मग बाजूने आलेली दुचाकी "अचानक" मध्ये येते. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील, तर ब्रेक किती दाबला गेला हे पायालाच कळत नाही. आणि ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते.

पंचावन्नीनंतर परवाना ५ वर्षांसाठीच मिळतो, सोबत डॉक्टरांचा दाखला लागतो. पण मधल्या पाच वर्षांत लक्ष कोणी ठेवायचं?

म्हणून महिनाभर मी बाबांच्या शेजारी बसले. गाडीत काही बोलले नाही. चालवणाऱ्याला तिथे टोकलं की तो आणखी गडबडतो. एका दुपारी चहा घेताना म्हणाले, "बाबा, परवा कात्रजला उजवीकडे वळताना मी घाबरून हँडल धरलं होतं."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रात्री मलाही नीट दिसत नाही गं. दिवाळीपासून."

दाखल्याच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो: चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट ओळखता येते का? आम्ही गल्लीत पावलं मोजली. बाबांनी चष्मा पुसला, वाचायला लागले. शेवटचे दोन आकडे चुकले. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. गाडी मी चालवणार, शेजारी बाबा.