शून्य व्याजाची किंमत: जपानला आता व्याज वाढवणं इतकं जड का जातंय?

नमस्कार. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपानने आपल्याला कर्ज दिलं, त्याचा व्याजदर किती आहे माहितीये? ०.१ टक्का. शंभर रुपयांवर वर्षाला दहा पैसे. फेडायला ५० वर्षं, आणि त्यातली पहिली १५ वर्षं मुद्दलाचा हप्ता नाही. अर्थात हे सवलतीचं कर्ज आहे. पण २०१७ साली या मार्गाची पायाभरणी झाली, तेव्हा खुद्द बँक ऑफ जपानचा, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेचा, दर उणे ०.१ टक्के होता. बँकांनी तिच्याकडे ठेवलेल्या पैशातल्या काही भागावर व्याज मिळायचं सोडाच, उलट पैसे कापले जायचे.

पैसा इतका स्वस्त झाला कसा, आणि त्यातून बाहेर पडणं इतकं अवघड का, हे आज बघू.

सुरुवात १९८५ पासून करावी लागेल. न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलमध्ये पाच श्रीमंत देशांनी डॉलर खाली आणायचं ठरवलं. त्या वेळी एका डॉलरला साधारण २४० येन मिळायचे. १९८७ संपेपर्यंत १२० च्या आसपास मिळायला लागले. जपानचा माल परदेशात महाग झाला, निर्यातदार हवालदिल झाले. त्यांना सावरायला बँक ऑफ जपानने व्याज २.५ टक्क्यांवर आणलं. हा स्वस्त पैसा जमिनीत आणि शेअरमध्ये ओतला गेला. २९ डिसेंबर १९८९ ला निक्केई, म्हणजे टोकियो शेअर बाजाराचा सेन्सेक्स, ३८,९१५ वर बंद झाला.

[पडद्यावर: निक्केईचा आलेख, १९८९ ते २०२४]

हा आकडा पुन्हा ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडावं लागलं. चाळिशीत ज्याने शिखरावर शेअर घेतले, तो तोवर चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला होता.

फुगा फुटला कारण १९८९ ते १९९० या काळात व्याज ६ टक्क्यांपर्यंत चढवलं गेलं. पण माझ्या मते खरी चूक त्यानंतरची आहे. जमिनीचे भाव कोसळले, तारण ठेवलेल्या जमिनीतून कर्ज वसूल होईना, तरी बँकांनी बुडीत कर्ज बुडीत म्हणून दाखवलं नाही. उलट त्याच कंपन्यांना आणखी पैसे देत राहिल्या, म्हणजे जुना हप्ता भरल्यासारखा दिसावा. असं वर्षानुवर्षं चाललं. शेवटी नोव्हेंबर १९९७ मध्ये एकाच महिन्यात होक्काइदो ताकुशोकु बँक आणि शंभर वर्षं जुनी शेअर दलाली कंपनी यामाइची सिक्युरिटीज, दोन्ही कोसळल्या. यामाइचीचे अध्यक्ष पत्रकार परिषदेत रडले. दोष आमचा आहे, कर्मचाऱ्यांचा नाही, असं सांगत होते.

त्या वर्षांत कॉलेजमधून बाहेर पडलेल्या मुलांचं काय झालं, हे मला या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त लागतं. जपानमध्ये मोठ्या कंपन्या पदवीच्या वर्षीच भरती करतात. ती संधी हुकली की आयुष्यभराची नोकरी बहुधा हुकलीच. कंत्राटी, तात्पुरत्या कामांवर दिवस काढलेल्या या पिढीला तिथे 'रोजगाराच्या हिमयुगाची पिढी' म्हणतात. ती माणसं आता पन्नाशीच्या घरात आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या गाठीशी पुरेशी पेन्शन नाही.

कंपन्यांनीही धडा घेतला: कर्ज काढू नका, रोकड जपा, पगार वाढवू नका. फेब्रुवारी १९९९ मध्ये बँक ऑफ जपानने व्याज जवळजवळ शून्यावर आणलं. तरी भाव हलेनात.

किती हलेनात? गारिगारी-कुन नावाची एक साधी बर्फाची कांडी आहे, आपल्या गारेगारसारखी. २०१६ मध्ये तिची किंमत ६० वरून ७० येन झाली, पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच. त्या १० येनसाठी कंपनीने जाहिरात केली, आणि त्यात कंपनीचे अध्यक्ष आणि कर्मचारी रांगेत उभे राहून वाकून माफी मागताना दिसतात.

तुम्ही म्हणाल, भाव वाढत नाहीत यात वाईट काय? आपल्याकडे दर महिन्याला वाण्याचं बिल वाढतं, त्यामुळे हे स्वप्नवत वाटतं. पण एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याची कमाई. दुकानदाराला भाव वाढवता येत नसेल, तर नोकराचा पगारही वाढवता येत नाही. पगार जागचा हलत नाही म्हणून ग्राहक हात आखडतो, आणि दुकानदार पुन्हा भाव धरून ठेवतो. घराचा हप्ता मात्र तेवढाच राहतो.

२०१३ मध्ये बँक ऑफ जपानचे गव्हर्नर म्हणून हारुहिको कुरोदा आले. दोन वर्षांत महागाई २ टक्क्यांवर नेतो म्हणाले, आणि सरकारी रोखे, म्हणजे सरकारच्या कर्जाचे कागद, इतके विकत घेतले की पुढे जवळजवळ निम्मे रोखे मध्यवर्ती बँकेकडेच जमा झाले. दोन वर्षांत महागाई आली नाही. ती आली २०२२ मध्ये: युक्रेन युद्धामुळे महागलेलं इंधन आणि घसरलेला येन यांच्या वाटेने. बोलावलेली महागाई वेगळी होती, आलेली वेगळी. पगार मागे राहिले. २०२२, २०२३, २०२४ अशी सलग तीन वर्षं पगाराची खरी किंमत घटली. २०२५ मध्ये तांदळाची ५ किलोची पिशवी ४,००० येनच्या वर गेली, वर्षभरापूर्वीच्या जवळजवळ दुप्पट. त्याच वर्षी मे महिन्यात कृषिमंत्री ताकु एतो म्हणाले की मला तांदूळ कधी विकत घ्यावा लागला नाही, समर्थकच आणून देतात. त्यांना राजीनामा द्यावा लागला.

मग व्याज वाढवा की! इथेच गाडी अडते.

जपान सरकारचं कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात सुमारे ११५ लाख कोटी येनपैकी २८ लाख कोटी जुन्या कर्जापायी, आणि ३८ लाख कोटी पेन्शन, दवाखाने, वृद्धांची देखभाल यांवर. दर दहा माणसांत जवळजवळ तीन माणसं ६५ च्या वरची. बहुतेक गृहकर्जं बदलत्या व्याजाची. दर वाढवला की सरकार आणि तरुण घरमालक दोघांनाही चटका. नाही वाढवला तर येन घसरतो, आणि तेल, गहू, गॅस सगळं महागतं.

'जपानचं कर्ज घरच्याच लोकांचं आहे, काही बिघडत नाही' हे मी अनेकदा ऐकलंय. दिवाळं निघालं नाही, हे खरं. पण पंचवीस वर्षं ते कर्ज स्वस्त राहिलं, कारण बचत करणाऱ्याला व्याज मिळालं नाही. एफडीच्या व्याजावर घर चालवणारे आजी-आजोबा तुमच्याही ओळखीचे असतील. जपानमध्ये ही मिळकतच नाहीशी झाली. माझ्या लेखी तोही एक करच होता, फक्त तो कुठल्याही संसदेने मंजूर केला नव्हता.

आताचे गव्हर्नर काझुओ उएदा. ऑगस्ट २००० मध्ये बँकेने घाईने दर वाढवला, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी ते एक. पुढच्याच वर्षी बँकेला माघार घ्यावी लागली. त्याच माणसाने १९ मार्च २०२४ ला उणे व्याज संपवलं. ३१ जुलैला दर ०.२५ टक्के केला. अमेरिकेतल्या रोजगाराच्या वाईट आकड्यांचीही भर पडली, आणि ५ ऑगस्टला निक्केई एका दिवसात १२ टक्के पडला. जगभरच्या गुंतवणूकदारांनी स्वस्तात येन उचलून इतर देशांत लावले होते, ते परत करायला शेअर विकायची धावपळ उडाली. त्या सोमवारी आपला सेन्सेक्सही २,२२२ अंकांनी घसरला. तुमच्या एसआयपीला लागलेला तो दणका काही अंशी टोकियोतून आला होता.

तेव्हापासून पाव-पाव टक्क्याने चाललंय: जानेवारी २०२५ ला ०.५, डिसेंबरला ०.७५. तीस वर्षांतला सर्वांत वरचा दर.

पुढचं सगळं पगारांवर अडलंय. दर मार्चमध्ये जपानच्या मोठ्या कंपन्या युनियनला पगारवाढीचं उत्तर देतात. २०२४ आणि २०२५ मध्ये ही वाढ ५ टक्क्यांच्या वर गेली, तीन दशकांत असं झालं नव्हतं. मी दरवर्षी ते आकडे बघतो, आणि मग लगेच छोट्या-मध्यम कंपन्यांचे शोधतो. कारण जपानमधले दहापैकी सात कामगार तिथे आहेत, आणि त्यांच्या मालकांना ग्राहकाकडे १० येन जास्त मागायची अजूनही धास्ती वाटते.