झोपेत डोळा उघडा राहतो तेव्हा

मंडळी, मागच्या वैशाखात राजवाड्याकडचे एक काका काकूंना घेऊन दवाखान्यात आले. खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी पिशवीतून चार वस्तू काढून टेबलावर मांडल्या. विमानात मिळालेली डोळ्यांवरची पट्टी, नातवाचा पोहण्याचा गॉगल, स्कूटरवरचा चष्मा आणि काकूंनी जुन्या मलमली धोतराची शिवलेली पट्टी. म्हणाले, “यातलं रात्री काय घालून झोपू, तेवढं सांगा.” सकाळी उठलं की डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं खुपायचं, उजव्यात जास्त. दहा वाजेपर्यंत आपोआप कमी व्हायचं.

मी वस्तूंकडे न बघता काकूंना विचारलं, “झोपेत यांचे डोळे कसे दिसतात?” काकू म्हणाल्या, “उजवा पुरता मिटतच नाही. मला वाटायचं जागेच आहेत, म्हणून मी आपली बोलत राहायचे.”

निदान तिथेच निम्मं झालं. आपण स्वतःला झोपलेलं पाहू शकत नाही, त्यामुळे हे काम घरच्यांचंच. रात्री लांबून, मंद उजेडात पाहायचं. पापण्यांमध्ये पांढरी फट दिसते का? या दुखण्याचं वैद्यकीय नाव लॅगॉफ्थॅल्मॉस. ग्रीक भाषेत ‘लॅगोस’ म्हणजे ससा. ससा डोळे उघडे ठेवून झोपतो अशी जुनी समजूत. फटीत पांढरंच दिसतं, कारण पापण्या मिटताना बुबुळ वर वळतं. पण ते पुरतं लपत नाही, त्याची खालची कड उघडी राहते आणि तीच सुकते. जागेपणी आपण मिनिटाला साधारण 15 वेळा पापण्या लववतो, दर वेळी अश्रूंचा पातळ थर नव्याने पसरतो. झोपेत ते बंद, आणि अश्रूही कमी पाझरतात. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू मात्र दाट. म्हणून एवढीशी सुकलेली जागा इतकी टोचते.

त्यात आपण इंदूरकर. ‘शब-ए-मालवा’ म्हणून रात्रीच्या वाऱ्याचं कौतुक करतो आणि कूलरचं तोंड उशीकडे फिरवून झोपतो! कूलरची हवा दमट असते म्हणून लोक निर्धास्त असतात, पण झोत तो झोतच, शिवाय त्यात खसाचा कचरा. गॉगल घेण्याआधी झोत पायांकडे वळवा. त्याला पैसे पडत नाहीत.

आता काकांच्या वस्तू. विमानातली पट्टी उजेड अडवते, पण काकांची तक्रार उजेडाची नव्हतीच. सपाट कापड उघड्या फटीवर घासतं आणि घातलेलं औषध टिपून घेतं. काकूंच्या मलमलीची गतही तीच, प्रेम कितीही असलं तरी. स्कूटरचा चष्मा बाजूंनी उघडा, कुशीवर वळलं की काडी कानात. पोहण्याच्या गॉगलमागची कल्पना मात्र बरोबर होती. डोळ्याभोवती बंद जागा केली की ओलावा आत राहतो. पण तो पाणी अडवायला बनवलेला, कड डोळ्याभोवती घट्ट रुतते. त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून काचबिंदू असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर तो रात्रभर घालूच नका.

झोपेसाठी ओलावा राखणारे वेगळे गॉगल मिळतात. कड मऊ सिलिकॉनची किंवा फोमची हवी, आणि ती पापणीवर न टेकता भोवतालच्या हाडावर बसली पाहिजे. वाटी इतकी खोल असावी की पापणीचे केस आत लागणार नाहीत. पट्ट्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. आणि एक गोष्ट सगळे विसरतात. दुकानात आपण गॉगल ताठ बसून घालून पाहतो, झोपतो मात्र कुशीवर. घरी नेऊन पंधरा मिनिटं आपल्या नेहमीच्या कुशीवर पडून बघा, मगच ठेवायचा की परत करायचा ते ठरवा. सकाळी चेहऱ्यावर उठलेला वळ चहा होईपर्यंत गेला पाहिजे. जेवणापर्यंत राहिला तर पट्टा सैल करा. आत थोडी वाफ धरली तर घाबरू नका, ओलावा टिकतोय एवढाच त्याचा अर्थ. फोममध्ये घाम आणि मळ मुरतो, म्हणून मला स्वतःला धुता येणारं सिलिकॉन बरं वाटतं. डॉक्टरांनी रात्रीचं मलम दिलं असेल तर ते चालू ठेवा. नजर धूसर होते म्हणून ते दिवा मालवायच्या जरा आधी लावा.

घोरताना श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं सीपॅप मशीन जे लावतात, त्यांनी आधी मास्क तपासावा. तो नाकापाशी सैल असेल तर हवा थेट डोळ्यांवर येते. आणि पहाटे डोळा उघडताना कळ येऊन पाणी वाहू लागलं, नजर कमी झाली, तोंड एका बाजूला वाकडं झालं किंवा थायरॉइडमुळे डोळे पुढे आलेले असले, तर गॉगल शोधत बसू नका, आधी डोळे तपासून घ्या.

काका महिन्याने आले. डोळे निवळले होते. तक्रार काकूंची होती, “आता गॉगलमुळे कळतच नाही, जागे आहेत की झोपलेत. म्हणून मी आपली बोलतच राहते.”