हीटर नाहीये तो, स्पीकर आहे

(माळ्यावरून चादरीत गुंडाळलेली वस्तू खाली येते)

सांभाळून, सांभाळून. हे जे खाली येतंय ना, त्याला या घरात 30 वर्षं सगळे हीटरच म्हणत होते. ठाण्यात हीटर कशाला लागेल हा प्रश्न कुणालाच पडला नाही, कारण दिसतोच तसा, पितळी रंगाची वाकलेली जाळी, खाली बुटके लाकडी पाय, किंचित मागे रेललेला.

हा क्वाड ईएसएल, म्हणजे क्वाड या इंग्लिश कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर. काका 70च्या दशकात इंग्लंडमध्ये हॉस्पिटलात नोकरीला होते, तिथे घेतला आणि परत येताना जहाजाने सामानाबरोबर आणला. जोडी आहे, दुसरा अजून वरच आहे.

(जाळीचा क्लोजअप, धूळ)

मॉडेल 1957 सालचं. आजकाल लोक त्याला ईएसएल-57 म्हणतात, कंपनीने तेव्हा तसं नाव दिलं नव्हतं. बनवणारे पीटर वॉकर, कारखाना हंटिंग्डनला. आणि गंमत बघा, 1957ला बाजारात स्टिरिओ रेकॉर्डच नव्हती, ती आली 1958ला, म्हणजे सुरुवातीला लोकांनी हा एकेकटाच विकत घेतलाय. पुढे 1985 पर्यंत बनत राहिला.

आता आतमध्ये काय आहे ते बघू, कारण व्हिडिओचा अर्धा भाग आम्ही तेच शूट केलंय.

(गिरगावातलं वर्कशॉप, टेबलावर उघडलेला स्पीकर)

नेहमीच्या स्पीकरसारखा कागदी कोन नाही. कॉइल नाही. मॅग्नेट नाही. खोकासुद्धा नाही. मधे एक प्लास्टिकची फिल्म, केसापेक्षा कितीतरी पातळ, आणि तिच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडलेल्या प्लेटी. फिल्मवर हजारो व्होल्टचा चार्ज बसवायचा, बेसच्या पॅनेलला 6000 व्होल्टच्या आसपास, मधल्या ट्रेबलच्या पॅनेलला त्याहून बराच कमी, आणि गाण्याचा सिग्नल ट्रान्सफॉर्मरने वाढवून प्लेटींना द्यायचा. एक प्लेट ओढते, दुसरी ढकलते, आणि अख्खी फिल्म एकदम हलते.

खोका नसण्याचं महत्त्व आज पटकन लक्षात येत नाही. तेव्हा स्पीकरचा खोका केवढा ठेवायचा हे बरंचसं अंदाजाने चालायचं. त्याचं नीट गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961ला मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी 70च्या दशकात पुढे नेलं. वॉकरनी आधीच खोका काढून टाकला, प्रश्नच मिटला.

(दादा मेणाचा ब्लॉक हातात धरून दाखवतात)

हे दादा. आयुष्यभर टीव्ही रिपेअर केले, जुने, पिक्चर ट्यूबवाले. आम्ही तीन ऑडिओवाल्यांकडे विचारून आलो होतो, सगळ्यांनी सांगितलं टाकून द्या. दादांनी मागचं झाकण उघडलं, बघितलं आणि म्हणाले, अरे ही तर ईएचटी, म्हणजे टीव्हीतलं हाय व्होल्टेज! टीव्हीत 20-25 हजार व्होल्ट असायचे, हे तर त्याच्यापुढे काहीच नाही. हा मेणात बुडवलेला ब्लॉक, ह्याच्यातून ते व्होल्टेज तयार होतं. ब्लॉक गेला होता. मेण वितळवून जुने पार्ट बाहेर काढले, नवीन बसवले, त्या दिवशी कॅमेरा नव्हता म्हणून ते तुम्हाला दिसणार नाही.

(सायकलची ट्यूब, पंप)

पण हे बघा. हे मला सगळ्यात आवडलेलं काम आहे. पॅनेलचे रिव्हेट ड्रिलने काढले, प्लेटी सुट्या केल्या, जुनी फिल्म फाटली होती ती सोलून काढली. आता नवीन फिल्म ताणायची कशी, तर एका फळीच्या कडेने सायकलची ट्यूब फिरवायची, वरून फिल्म चारी बाजूंनी टेपने चिकटवायची आणि पंपाने हवा भरायची. ट्यूब फुगते तशी फिल्म ताणली जाते, सगळीकडे सारखी. बोटाने टिचकी मारून दादा आवाज ऐकतात, डग्ग्याला कान लावतात ना तसा. थोडी हवा कमी. परत टिचकी. मग गोंद, मग प्लेट वर ठेवून वजन, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही.

मग कोटिंग. कापसाच्या बोळ्याने लावतात, अगदी हलकं. फिल्मवरचा चार्ज जागचा हलता कामा नये म्हणून ह्याचा रेझिस्टन्स प्रचंड लागतो. जास्त लागलं तर पॅनेल वाया, कमी लागलं तर आवाज बारीक. दोन्ही स्पीकर मिळून सहा पॅनेल, त्यातली दोन दोनदा करावी लागली.

(अंधार. निळी ठिणगी. टक.)

ही ठिणगी म्हणजे लीकेज. लाईट बंद करूनच दिसते. जिथे दिसली तिथे खूण करायची, उघडायचं, साफ करायचं. आणि घरी कुणी करून बघू नका, वीज बंद केल्यावरही आत चार्ज उरतो, जीव जाऊ शकतो.

(ठाण्याचा हॉल, सोफा बाहेर काढलाय)

आता मुख्य मुद्दा. हे आजच्या स्पीकरसमोर टिकतं का?

समोर ठेवले आजचे स्टुडिओवाले ॲक्टिव्ह मॉनिटर, छोटे, अँप्लिफायर आतच. मधे पडदा. पडदा का, तर फ्लॉइड टूल म्हणून कॅनडात संशोधक होते, त्यांनी ओटावाच्या सरकारी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं लोकांना न दाखवता स्पीकर ऐकवले, कारण नाव आणि आकार दिसला की कान बदलतात. आमच्याकडे प्रयोगशाळा नाही, डबल बेडची चादर आहे. आवाजाची पातळी मात्र मीटर लावून सारखी केली, कारण जो जरा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो.

आणि रेकॉर्ड कुठलीच वाजवली नाही. काकांची पुतणी गाते, तिला आणि तानपुऱ्याला ह्याच हॉलमध्ये रेकॉर्ड केलं आणि लगेच ऐकवलं. वॉकरच्या कंपनीची जाहिरात म्हणायची, मूळ आवाजाच्या सगळ्यात जवळ. मूळ आवाज इथेच बसलाय, बघू.

(तानपुरा. काकांचा चेहरा.)

इथे मी थोडा वेळ बोलत नाही.

…

तर, पडद्यामागे तेव्हा क्वाड होता. तानपुऱ्याच्या जवारीचा तो जो झणकार आहे, तारेच्या मागे मागे येणारा, तो ह्याच्यात सुटा सुटा ऐकू येतो आणि गळा तर समोर कुणीतरी बसलंय असा. नवीन मॉनिटरवरही सगळं होतं, एकही सूर चुकीचा नाही, पण बहुतेकांनी बोट ह्याच्याकडेच दाखवलं. मीसुद्धा. मी पॅनेल बनताना बघितलेत, त्यामुळे माझं मत थोडं कमी धरा.

(ढोलकी)

ढोलकी लावली आणि पारडं फिरलं. चाटीचा आवाज खणखणीत, पण धुमाचा, म्हणजे खर्जाच्या बाजूचा, घुमारा अर्धाच. फिल्म पुढे जेवढा आवाज टाकते तेवढाच मागेही टाकते, खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. आवाज वाढवायचीही सोय नाही, 33 व्होल्टच्या पुढे गेलं की ट्रेबलचं पॅनेल जळतं, आजचा कुठलाही बरा अँप तेवढे सहज देतो. हलगी आणली होती, लावायची हिंमत झाली नाही. आणि सोफ्यावर एकच जागा चांगली, जरा बाजूला सरकलं की वरचे सूर गायब. मॉनिटर बाजूने ऐका, कोपऱ्यातून ऐका, बऱ्यापैकी तसाच वाजतो. टूल यांच्या प्रयोगांत लोकांना आवडणारे स्पीकर असेच निघाले होते, समोरून सपाट आणि बाजूनेही गुळगुळीत.

म्हणजे गळा आणि तानपुरा, जुना. बाकी जवळपास सगळं, नवीन. खर्च? नवीन मॉनिटरची जोडी आली असती आणि वर पैसे उरले असते, पुढे.

(दादांचे हात, परत)

पण जुना म्हणताना मी जरा अडखळतो. फिल्म नवीन, कोटिंग नवीन, ब्लॉकमधले पार्ट नवीन. जुनं उरलं ते 1957ची कल्पना, प्लेटी आणि जाळी. माळ्यावरून काढला तसाच लावला असता तर त्यातून फक्त घरघर आली असती, आणि मग आम्हीच म्हणालो असतो की जुनं ते जुनंच. दादांकडे शिकायला कुणी नाहीये, मुलगा मोबाईलचं दुकान बघतो.

(खिडकी, पाऊस)

हे शेवटचं शूट जुलैतलं. ईएसएलला दमट हवा सोसत नाही, आणि ठाण्याला दुसरी हवा नाही. डाव्या स्पीकरमधून कालपासून टक, टक चालू झालंय. काकांनी बटण बंद करून वर चादर टाकलीये, आणि दादांना फोन लावतायत. रिंग जातेय.